मामाच्या वाड्यातली तुळई

वाईचा वाडा उतरवला तेव्हा बहुतेक लाकूड व्यापाऱ्याने एकरकमी उचललं. माझ्यासाठी मामाने माजघरातली एक सागवानी तुळई बाजूला काढून ठेवली. बैठकीतल्या सोफ्यापुढे ठेवायला टेबल हवंच होतं, ते तिचंच करायचं ठरवलं.

जुन्या सागाची खरी मेहनत चिरण्याआधीच असते. सॉ मिलवाले असं लाकूड घ्यायला कुरकुरतात, कारण आत राहिलेला एक खिळा करवतीची धार घालवतो. मी बिघडलेल्या स्पीकरमधलं लोहचुंबक तुळईवरून सावकाश फिरवत गेले. ओढ लागली की तिथे पटाशीने जरा कोरायचं आणि पकडीने खिळा उपटायचा. निघालेले खिळे चौकोनी अंगाचे, हाताने ठोकलेले, एकाचं डोकं दुसऱ्यासारखं नाही. प्रत्येक खिळ्याभोवती लाकूड निळसर काळं पडलेलं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलीत भेटलं की हा रंग चढतो. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने तो निघतो, पण मी हात लावला नाही. छताची कडी बसवायची खाचही बुजवली नाही. या खुणा पुसायच्या तर जुनं लाकूड घेण्यात अर्थच काय!

चिरून आणलेल्या फळ्यांवर रंधा मारला आणि धुराचा काळा थर जाऊन आतला सोनेरी तपकिरी साग वर आला. एवढ्या वर्षांनीही त्याला तो तेलकट, चामड्यासारखा वास आहे. सागात सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पातं लवकर बोथटतं. सहाणेचा दगड शेजारीच ठेवावा.

पाय वेल्डिंगच्या दुकानातून चौकोनी पाइपचे करून मिळतात, तेही एका दिवसात. मला ते या लाकडाखाली नको होते. वाईबाहेर घिसाड्यांची पालं पडतात. खुरपी, विळे, कुऱ्हाडी घडवणारी ही माणसं. त्यांच्याकडे पाच सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चौरस सळई घेऊन गेले. दादा सांडशीत सळई धरून ऐरणीवर फिरवत होते आणि त्यांची बायको उभ्याने घण घालत होती. दोघांत एक शब्द नाही. दादांनी छोट्या हातोडीने जिथे टिचकी मारली, पुढचा घण नेमका तिथे. पिवळसर केशरी असेपर्यंत घाव, लाली उतरू लागली की सळई परत भट्टीत. “काळं पडल्यावर मारायचं नाही ताई, चीर जाते,” एवढंच ते मला म्हणाले. अशा घावांनी सळई खाली निमुळती होत जाते. लोखंड कुठे कापलेलं नसतं, ते पुढे सरकवलेलं असतं, आणि पायावर घणाचे पैलू दिसत राहतात. पाय गरम असतानाच त्यावर मधमाशीचं मेण चोळलं. काळा, मऊ तकाकीचा रंग बसला.

जोडणीत एक गोष्ट मी सगळ्यांना आवर्जून सांगते. फळी पावसाळ्यात रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. वीस इंच रुंदीला एखाद सूत फरक सहज पडतो. स्क्रू गोल भोकात घट्ट आवळले तर फळी कुठेतरी फाटणारच. म्हणून पायांच्या पट्ट्यांना भोकं रुंदीच्या दिशेने लांबट पाडून घेतली आणि स्क्रूखाली वायसर घातले. उंची सोळा इंच, म्हणजे सोफ्याच्या बैठकीपेक्षा थोडी कमी. चहाचा कप उचलायला वाकावं लागत नाही.

वरून जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले, मधे पुरेसं वाळू देऊन. तेलाची फडकी बोळा करून कधीही टाकू नका. ती वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. दोरीवर सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

तुळईचा अर्धा तुकडा अजून शिल्लक आहे. मामीला त्यातून अंगणात बसायला बाक हवाय, तेव्हा पावसाळा संपला की पायांसाठी पुन्हा पालावर जायचंय.