भरिताची जागा

बागेत फक्कीच्या रेघा पडल्या आणि खोल्या एवढ्याएवढ्याशा दिसायला लागल्या. जमिनीवर आखलेलं घर लहानच दिसतं म्हणे, भिंती चढल्या की मोठं वाटतं. वाटू दे बापडं. जागा मुळात सव्वा गुंठा, म्हणजे तेराशे साठ चौरस फूट. लिंबू, शेवगा, अळूचं आळं आणि कोपऱ्यातला निंब तिथं सुखानं नांदत होते. आता आम्हाला घुसायचंय. शेवगा आणि अळू गेलं. निंबाला हात लावायचा नाही, हे आईनं इंजिनियरला चहाच्या आधीच सांगून टाकलं. जळगावचे एवढे मे महिने काढलेल्या बाईशी यावर कोण वाद घालणार?

मिस्तरी खड्ड्यात उभा राहून म्हणाला, "भाऊ, काळी हाये. मुरूम लागेपर्यंत खंदावं लागीन." ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. कपाशीला मानवते, भिंतींना नाही.

मी नकाशात दुसरंच शोधत होतो. पार्किंग आहे, मोड्युलर किचन आहे, चिमणी आहे. वांगी कुठे भाजायची?

गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणणाऱ्यांशी मी भांडत नाही. त्यांच्याकडे जेवतही नाही. आजोबांच्या वावरात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग पेटायचा, हिरवी-पांढरट वांगी त्यात पडायची आणि आम्ही कुठेही सरकलो तरी धूर मागोमाग यायचा. सालं काढायचं काम पोरांचं. बोटं पोळली की कानाच्या पाळीला लावायची. मग मोठे काका बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, मिरच्या-लसूण ठेचून वांगी घोटायचे. बायकांना त्या दिवशी सुट्टी, फक्त कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या तळायच्या. फक्त म्हणजे शंभरेक.

२०१६ साली जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वांग्याची सोय झाली. भाजणाऱ्याची बघा कुणी.

नियमानं घराभोवती जागा सोडावी लागते, तिथं होईल म्हटलं, तर तिथं पेव्हर ब्लॉक. निंबाखाली जाळ केला तर आई मलाच भाजेल. शिवाय दोन वांग्यांसाठी कोणी काड्या पेटवत नाही. पाच-सहा किलो तरी हवीत, आणि घरात आम्ही तिघं. मिस्तरी आणि त्याची माणसं धरली तर जमतं. स्लॅबच्या दिवशी त्यांना जेवण घालायचंच असतं. पण स्लॅब पडायला चैत्र उजाडेल, तोवर वांगी बियांनी भरतील.

जोतं भरतील त्याच दिवशी उरकून घेऊ.