व्हुईयारची गुलाबी भिंत

एदुआर व्हुईयार या फ्रेंच चित्रकाराने १८९९ साली ‘निसर्गदृश्ये आणि अंतर्गृहे’ ही बारा रंगीत लिथोग्राफची, म्हणजे शिळाछापाच्या (दगडावरून छापलेल्या) चित्रांची मालिका केली. आंब्रुआझ व्होलार यांनी ती प्रकाशित केली आणि ऑग्युस्त क्लो यांनी छापली. तिच्यातील गुलाबी भिंतींच्या खोलीची तीन चित्रे मला फार प्रिय आहेत.

या चित्रांत काहीही घडत नाही. भिंतीवरच्या कागदाची लालसर नक्षी इतकी दाट आहे की खोलीतले माणूस आपल्याला अक्षरशः शोधावे लागते, आणि ते सापडल्यावरही त्याचा चेहरा वाचता येत नाही. व्हुईयारची आई घरीच शिवणकामाचा व्यवसाय करीत असे आणि १९२८ साली तिचे निधन होईपर्यंत तो तिच्यासोबतच राहिला. कापडांच्या नक्षीत वाढलेल्या नजरेला माणूस आणि भिंत एकाच विणीची वाटली असावीत, असे मला मनापासून वाटते.

शिळाछापाचे तंत्र या शांततेला पोषकच ठरले. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या तत्त्वावर चुनखडीच्या दगडावरचे तेलकट खडूचे रेखाटन तेवढे शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागत असल्यामुळे एकच कागद पुन्हापुन्हा, जागा न चुकवता दाबाखाली घालावा लागतो. जवळून पाहिल्यास खडूचा खरखरीत कण दिसतो आणि त्यामधून कोरा कागदही उजेडाचे काम करतो.