फायटरच्या बाऊलला फिल्टर लावला, माझा अनुभव

लेकीच्या वाढदिवसाला फायटर मासा आणला, निळा, शेपटीला लाल झाक, आणि सोबत दहा लिटरचा गोल काचेचा बाऊल. दुकानवाले म्हणाले फायटरला फिल्टर लागत नाही, तो वरून हवा घेतो, दर रविवारी पाणी बदला की झालं. मी अगदी मनापासून तेच केलं, सगळं पाणी ओतून, खडे गरम पाण्याने घासून बाऊल चकाचक. तिसऱ्या रविवारनंतर मासा तळाशी पंख मिटून बसला आणि मंगळवारी सकाळी गेला. लेक गणवेश घालून बाऊलसमोरच बसून राहिली, शाळेत गेलीच नाही.

मग वाचायला लागले तेव्हा कळलं. फायटर वरून हवा घेतो हे खरंय, पण त्याच्या घाणीतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात विषारी अमोनिया होतो तो कुठे जाणार? काही बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट करतात, तो बराच कमी घातक. हे बॅक्टेरिया खड्यांवर, काचेवर, स्पंजवर राहतात आणि मी दर रविवारी त्यांनाच धुऊन काढत होते. वर आपल्या नेरुळच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन.

दुसऱ्या माशाच्या वेळी मुठीएवढा स्पंज फिल्टर, छोटा एअर पंप, नळी, कंट्रोल वाल्व आणि नॉन-रिटर्न वाल्व आणला. नॉन-रिटर्न विसरू नका, पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवलेला असेल आणि लाईट गेली तर पाणी नळीतून उलटं पंपात येतं. पहिल्या दिवशी हवा फुल्ल सोडली तर फायटर बिचारा काचेला जाऊन चिकटला, त्याला जोराचा प्रवाह झेपत नाही. वाल्व हळूहळू बंद करत आणला, एक एक बुडबुडा मोजता येईल इतका, तेव्हा तो मोकळा फिरायला लागला. बाऊल काठोकाठ भरणंही सोडलं, जिथे सगळ्यात रुंद आहे तिथपर्यंतच पाणी, म्हणजे हवेला जास्त जागा मिळते.

पहिले काही आठवडे खरी परीक्षा. खाणं दिवसाला दोनच दाणे, रोज पाव भाग पाणी बदल, नवीन पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब, आणि पाणी तपासायची टेस्ट किट. अमोनिया तपासायच्या बाटलीतलं पाणी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया आहे, की पोटात गोळा यायचा. मग नायट्राइटच्या तपासणीत जांभळा रंग आला, म्हणजे आता तोही होता. साधारण पाच आठवड्यांनी एका सकाळी अमोनिया पिवळा, नायट्राइट फिकट निळा, दोन्ही शून्य, मी लेकीला झोपेतून उठवून दाखवलं.

आता आठवड्याला पाव भाग पाणी बदलते. महिन्याने स्पंज पिळते, तोही बाऊलमधून काढलेल्या जुन्याच पाण्यात, नळाखाली कधीच नाही. चहासारखं तपकिरी पाणी निघतं, मातीसारखा वास येतो, सडका नाही.

शेजारच्या काकूंना नातवासाठी बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवायचा होता. त्यांना नको म्हटलं, तो घाण खूप करतो आणि वाढतो भरपूर, त्याला मोठी टाकीच हवी. फायटर घ्यायला तयार झाल्या आहेत, त्यांचा नवा स्पंज सध्या आमच्या बाऊलमध्ये आमच्या स्पंजला खेटून ठेवलाय, बॅक्टेरिया लागले की देईन.