पेनड्राइव्ह आपोआप का उघडत नव्हता

मंगळवार, रात्री

महाल भागातल्या अभ्यासिकेच्या संगणकांचं कोडं आज सुटलं. जुनी यंत्रं आहेत, म्हणून डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला होता. बाकी सगळं छान चालत होतं. फक्त कुणी पेनड्राइव्ह लावला की काहीच होत नसे. "सर, दिसूनच नाही राहिला," असं जो तो येऊन सांगे.

ही किरकोळ अडचण आहे असं मला वाटत नाही. पोरं स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन येतात, दोन तासांची जागा मिळते. त्यांना टर्मिनल उघडून आज्ञा टाइप करायला लावणं म्हणजे हे यंत्र तुमच्यासाठी नाही असंच सांगणं. लावला की दिसलाच पाहिजे.

लिनक्समध्ये हे काम कुणी एकटा करत नाही. आधी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, उपकरण ओळखून त्याला नाव देतो. मग यूडेव्ह त्याची माहिती पुढे कळवतो, यूडिस्क्स ते माउंट करायची (फाइली उघडता येतील असं जोडायची) तयारी ठेवतो, पॉलकिट परवानगी आहे का ते बघतो, आणि शेवटी डेस्कटॉपच्या बाजूने कुणीतरी "कर माउंट" म्हणावं लागतं. एक्सएफसीईत ते काम थुनार-व्होलमनचं. त्यामुळे नेटवर दिसेल ती सेटिंग बदलत बसण्यापेक्षा प्रत्येकाला वेगळं विचारणं बरं.

कूलरच्या आवाजात ‘डीमेसेज’ (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून पेनड्राइव्ह लावला. नोंदी भराभर आल्या, म्हणजे पोर्ट ठीक. (इथे काहीच आलं नाही तर पुढे जाऊच नये, आधी पोर्ट आणि केबल बदलावी.) डिस्कांची यादी देणाऱ्या ‘एलएसबीएलके’मध्ये एसडीबी१ (दुसऱ्या डिस्कचं पहिलं) हे विभाजन आणि त्याची फॅट३२ फाइल सिस्टीमही दिसली. थुनार-व्होलमनच्या खिडकीत ‘लावताच माउंट करा’ची खूण होती. कोण लॉगिन आहे ते सांगणारं ‘लॉगिनसीटीएल’ सत्र सक्रिय आहे म्हणालं. हे पाहणं महत्त्वाचं, कारण समोर बसलेल्या सक्रिय वापरकर्त्याला पॉलकिट पासवर्ड न मागता माउंट करू देतो, पण दूरवरून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) आलेल्याला प्रशासकाचा पासवर्ड मागतो.

मग हाताने ‘यूडिस्क्ससीटीएल माउंट’ ही आज्ञा दिली. माउंट झालं! पण जागा बघून मी थबकलो. डेबियनवर यूडिस्क्स ‘मीडिया’च्या आत वापरकर्त्याच्या नावाचा फोल्डर आणि त्यात पेनड्राइव्हच्या नावाचा फोल्डर करतो. इथे उत्तर आलं ‘मीडिया/यूएसबी०’. ही जागा यूडिस्क्सची नाही, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली.

कोणती डिस्क कुठे माउंट करायची याची यादी असलेली ‘एटसी’तली ‘एफएसटॅब’ फाइल उघडली आणि ती ओळ समोर आली: एसडीबी१, मीडिया/यूएसबी०, आणि पुढे ‘नोऑटो’, म्हणजे आपोआप माउंट करू नका. डेबियन पेनड्राइव्हवरून बसवलं होतं, आणि इन्स्टॉलरने त्या पेनड्राइव्हची नोंद तशीच मागे ठेवली होती. यूडिस्क्स आधी एफएसटॅब बघतो आणि तिथे नोंद सापडली की तिचंच ऐकतो. यंत्रात आतली डिस्क एकच, एसडीए. त्यामुळे बाहेरून जे लावू ते एसडीबी होणार आणि याच ओळीत अडकणार. नोंद यूयूआयडीने (प्रत्येक विभाजनाच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाने) केलेली असती तर त्या एका पेनड्राइव्हपुरतीच राहिली असती. ओळ वाचली जाऊ नये म्हणून तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाकलं, यंत्र पुन्हा सुरू केलं, पेनड्राइव्ह लावला. डेस्कटॉपवर चिन्ह आलं, आणि आतल्या फाइलीही उघडल्या.

एका मुलीची पोर्टेबल हार्डडिस्क मात्र अजून अडते आहे. तिचं दुखणं वेगळं. ती एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) आहे आणि विंडोजमधून नीट न काढता ओढलेली, त्यामुळे तिच्यावर ‘डर्टी’ खूण बसली आहे. अशा वेळी लिनक्सचा एनटीएफएस३ ड्रायव्हर (कर्नल ५.१५पासूनचा) माउंट करायला नकार देतो. जबरदस्तीने माउंट करणारा ‘फोर्स’ पर्याय आहे, पण तिच्या वर्षभराच्या नोट्स त्यात आहेत, मी तो वापरणार नाही. "घरच्या विंडोजवर लावून एकदा तपासून घे, मग सुरक्षितपणे काढून आण," असं सांगितलं.

काढण्याबद्दल एक पाटी लावायची आहे. कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी मजकूर काही वेळ रॅममध्येच असू शकतो. फाइल मोठी असेल तर जास्तच. ‘इजेक्ट’ दाबून, काढायला हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी फाइल बिघडलेली निघाली तर त्या पोराचं काय होतं ते मी पाहिलं आहे.

उद्या सकाळी गर्दीच्या आधी बाकीच्या यंत्रांवरची ती ओळ काढायची.