चल ठरवताना: बडोद्यातल्या लघुप्रबंधाचा माझा अनुभव

एम.एड.च्या लघुप्रबंधाचा विषय मी घरातूनच उचलला. बडोद्यातली आम्ही मराठी मंडळी गायकवाडांच्या काळापासून इथलीच. घरात मराठी बोलतो, पण मुलं शिकतात गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात. आजी-आजोबांच्या सहवासाचा या मुलांच्या मराठी वाचनाशी काही संबंध असतो का, ते मला बघायचं होतं. आराखडा वाचून गाईड मॅडमनी विचारलं, "यातले चल कोणते, आणि मोजणार कसे?" चल म्हणजे मुलागणिक बदलणारी, नोंदता येणारी गोष्ट, इंग्रजीतलं व्हेरिएबल.

संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत चलांची लांबलचक यादी असते. स्वाश्रयी (ज्याच्यामुळे फरक पडतो का ते बघायचं), आश्रयी (ज्यात फरक पडतो का ते बघायचं), मध्यस्थ, नियंत्रित, नामदर्शक, क्रमदर्शक, सलग, खंडित. विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत बसून मी तीन-चार पुस्तकं शेजारी शेजारी उघडली, तेव्हा लक्षात आलं की या यादीत दोन निराळे प्रश्न एकत्र कालवलेत. या अभ्यासात त्या चलाचं काम काय, हा एक. तो मोजला कसा, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अभ्यासागणिक बदलतं. मुलाचा वाचनवेग माझ्याकडे आश्रयी चल आहे; 'भरभर वाचणारी मुलं लायब्ररीतून जास्त पुस्तकं नेतात का' असं कोणी विचारलं, तर तोच वेग तिथे स्वाश्रयी होतो. हे दोन प्रश्न वेगळे केले की अर्धी यादी आपोआप सुटते. पुस्तकं तसं का करत नाहीत, कोण जाणे.

आश्रयी चल सोपा निघाला. दिलेल्या उताऱ्यातले एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. शून्य म्हणजे खरोखरच शून्य, आणि साठ म्हणजे तिसाच्या दुप्पट. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये मापनाच्या ज्या चार पातळ्या मांडल्या, त्यातली ही सर्वांत वरची, गुणोत्तर पातळी. तापमानाचं तसं नसतं. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ वर गेला म्हणून तो दिवस २१ अंशांच्या सकाळपेक्षा दुप्पट गरम ठरत नाही, कारण सेल्सिअसचं शून्य आपण सोयीने ठरवलेलं आहे. ती अंतर पातळी.

घाम काढला तो स्वाश्रयी चलाने. 'घरात आजी-आजोबा आहेत का? हो / नाही' हा प्रश्न कागदावर स्वच्छ दिसत होता. पहिल्याच घरी एक काकू म्हणाल्या, "नाही हो, आम्ही अलकापुरीत आणि सासूबाई रावपुऱ्यात. पण पोरगा शाळेतून थेट तिकडेच जातो, रात्री जेवूनच येतो." आता खूण कुठे करायची? उलट काही घरांत आजी-आजोबा शेजारच्याच खोलीत आणि नातवंडं त्यांच्याशीही गुजरातीत बोलतात. शेवटी हो-नाही काढून टाकलं आणि 'आठवड्यातून किती तास त्यांच्याशी मराठीत बोलणं होतं' असं विचारलं. हीच कार्यात्मक व्याख्या, म्हणजे गोष्ट नेमकी कशी मोजणार ते सांगणारी. आणि मी काही मुलांना आजी वाटून देत नव्हते, जे आहे ते मोजत होते. म्हणून मॅडमनी सुचवलं की 'परिणाम' असं न लिहिता 'संबंध' लिही.

मग निघाला हिंदीचा मुद्दा. गुजराती लिपीला शिरोरेखा नसते. देवनागरी या मुलांच्या हाती येते ती बहुधा शाळेतल्या हिंदीतून. माझं म्हणणं, हा गोंधळ घालणारा चल. मॅडम म्हणाल्या, "वाचनाशी त्याचा संबंध आहे, पण आजीशी काय संबंध?" बरोबरच होतं. गोंधळ घालणारा चल दोन्हीकडे चिकटलेला लागतो. तसा चल म्हणजे आईच्या माहेरची भाषा. माहेर गुजराती असेल, तर आजी-आजोबांशी मराठीत बोलणंही कमी होण्याची शक्यता आणि घरात मराठी वाचणंही. तो नोंदवणं भागच होतं.

हिंदीची भूमिका मला जास्त रंजक वाटते. आजी कितीही बोलली तरी अक्षरओळखच नसेल तर मूल वाचणार काय? म्हणजे आजीचा उपयोग किती, हे हिंदीच्या सरावावर ठरत असावं. असा चल म्हणजे मॉडरेटर. मीडिएटर निराळा. आजीच्या बोलण्याने शब्दसंग्रह वाढतो आणि त्यामुळे वाचन सुधारतं, अशी साखळी मानली तर शब्दसंग्रह मधला दुवा. बॅरन आणि केनी या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये हा फरक नीट मांडला. लघुप्रबंधाच्या आवाक्यात मी मॉडरेटरच घेतला.

एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चलापुढे 'मेझर' नावाचा रकाना असतो. पर्याय तीनच, नॉमिनल (नुसती नावं), ऑर्डिनल (क्रम) आणि स्केल (खरं मोजमाप). अंतर आणि गुणोत्तर दोन्ही स्केलमध्येच जातात. शाळेच्या माध्यमाला मी गुजराती १, इंग्रजी २ असे आकडे दिले होते. सांगितलं तर सॉफ्टवेअर त्यांचीही सरासरी निमूटपणे काढून देतं. दीड माध्यम!

उतारा सगळ्यांना एकच दिला आणि मुलं फक्त सहावीतली घेतली, त्यामुळे या दोन गोष्टी चल उरल्याच नाहीत, स्थिरांक झाल्या. वयासाठी मात्र गटावर खूण न मागता जन्मतारीखच घेतली. तारखेवरून गट कधीही पाडता येतात, गटावरून तारीख परत मिळत नाही.