रुपयाला लगाम कुणी घालायचा?

दर १४ एप्रिलला व्हॉट्सॲपवर एक वाक्य फिरतं, की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या पुस्तकावरून उभी राहिली. गौरवाच्या भरात पुस्तकातला मुद्दाच हरवतो. १९२३च्या या प्रबंधाचा सगळा रोख आहे तो सरकारला वाटेल तेवढे रुपये पाडण्याची मुभा असण्यावर. समोर वादाला आहे ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स.

आधी नाणं समजून घेऊ. १८३५ पासून रुपयाचं वजन १८० ग्रेन (वजनाचं जुनं इंग्रजी माप), त्यात शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं आणि घडणावळ देऊन रुपये पाडून आणावेत. त्यामुळे चांदीचा भाव तोच रुपयाचा भाव. १८७१ नंतर जर्मनी सोन्याच्या नाण्याकडे वळली, युरोपातल्या इतरांनीही चांदीची नाणी पाडणं आखडतं घेतलं आणि लंडनच्या बाजारात चांदी घसरत गेली. एकेकाळी जवळपास २ शिलिंगांचा (१२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड) असलेला रुपया १८९३ पर्यंत १ शिलिंग ३ पेन्सांच्या आसपास आला. सरकारला पेन्शनी, रेल्वेवरचं व्याज, लष्कराचा खर्च हे सगळं लंडनला पौंडांत चुकवावं लागे. रुपया २ शिलिंगांचा असताना एका पौंडाला १० रुपये लागत, १ शिलिंग ३ पेन्सांचा झाल्यावर १६. देणं तेवढंच, पण रयतेकडून वसुली दीडपटीहून जास्त.

२६ जून १८९३ला टांकसाळी लोकांसाठी बंद झाल्या. नवे रुपये येईनात, तसा रुपया चढला आणि १८९८ला १ शिलिंग ४ पेन्सांवर पोचला. १८९९ला कायद्यानं एक सॉव्हरिन, म्हणजे एका पौंडाचं सोन्याचं नाणं, १५ रुपयांचं ठरलं. (२४० पेन्सांचा पौंड, त्याला १६नं भागा.) खरी मेख इथे आहे. टांकसाळ लोकांसाठी बंद झाली, सरकारसाठी नव्हे. नाण्यातली चांदी आता दर्शनी किमतीहून स्वस्त होती, म्हणून पाडलेल्या प्रत्येक रुपयामागे सरकारला नफा सुटे. तो 'गोल्ड स्टँडर्ड रिझर्व्ह' नावाच्या निधीत जाई आणि बहुतेक लंडनमध्येच राही.

केन्सला ही व्यवस्था आवडली. १९०६ ते १९०८ त्यानं लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली होती. हिंदुस्थानात मात्र तो कधीच आला नाही. १९१३च्या पुस्तकात त्याचं म्हणणं असं, की देशात महागडं सोनं खेळवायची गरजच काय? घरात रुपये आणि नोटा चालू द्या, बाहेरच्या देण्यांपुरता सोन्याशी भाव बांधून ठेवा. यंत्रणा होती हुंड्यांची. इथला ताग-कापूस घेणारा व्यापारी लंडनला पौंड भरून 'कौन्सिल बिल' घेई आणि त्यावर कलकत्ता-मुंबईत रुपये मिळत. रुपया ढिला पडला की उलटी हुंडी, 'रिव्हर्स कौन्सिल', इथे विकायची आणि निधीतले पौंड तिथे द्यायचे.

आंबेडकरांचा आक्षेप या यंत्रणेच्या मुळावरच आहे. परकीय दर टिकला म्हणजे चलन निरोगी झालं, हे त्यांना मान्य नाही. त्यांची कसोटी एकच: रुपयानं देशात किती माल मिळतो? चांदीपेक्षा महाग असलेला रुपया कुणी वितळवत नाही, तो परदेशी चालत नाही आणि त्याच्या बदल्यात सोनं देण्याचं बंधन सरकारवर नाही. म्हणजे एकदा पाडलेला रुपया बाजारातच फिरत राहतो. आधी देशात महागाई होते, परकीय दर घसरतो तो नंतर. मग निधी वाचवेल ना? इथे त्यांचा सगळ्यात धारदार युक्तिवाद येतो: हा निधी वाढतो तोच नवे रुपये पाडून. तिजोरी भरायची तर बोजाही वाढवायचा!

१९०७मध्ये अमेरिकेतलं आर्थिक संकट आणि इथला फसलेला पाऊस एकदम आले. दर सावरायला सुमारे ८० लाख पौंडांच्या उलट्या हुंड्या विकाव्या लागल्या. महायुद्धात उलटंच झालं. लंडनमध्ये चांदी औंसाला ४३ पेन्सांवर गेली की रुपयातली चांदीच १६ पेन्सांची, म्हणजे ठरलेल्या दराएवढी होते, त्यावर गेली की रुपया वितळवणंच फायद्याचं; १९२०च्या फेब्रुवारीत भाव ८९ पेन्सांवर होता. सरकारनं रुपया २ शिलिंगांवर बांधायचा घाट घातला, त्यापायी साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या विकल्या आणि सप्टेंबरमध्ये हात टेकले.

बाबासाहेबांचा उपाय रोखठोक होता. रुपयाची टांकसाळ सरकारलाही बंद करा. सोन्याच्या नाण्याची टांकसाळ उघडा. दोन्हींचं प्रमाण ठरवून द्या, पण रुपयाच्या बदल्यात सोनं देण्याचं बंधन नको. रुपयांची संख्याच गोठली की उधळायला काही उरत नाही. प्रस्तावना लिहिणारे त्यांचे गुरू एडविन कॅनन बऱ्याच टीकेशी असहमत होते, तरी टांकसाळ सरकारलाही बंद करावी हे त्यांना पटलं. मला स्वतःला हा उपाय फार ताठर वाटतो. पीक हाती आलं की बाजाराला जास्त पैसा लागतो, तो कुठून आणायचा? निदान मात्र बिनतोड आहे.

१९२५च्या अखेरीस हिंदुस्थानच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी हेच मांडलं. स्वस्त रुपयाचा फायदा परदेशातून येत नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो, हेही बजावलं: भाव चढतात, मजुरी मागे राहते.

आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली खरी, पण सोन्याच्या नाण्याऐवजी ४०० औंसांच्या लगडी सुचवल्या. १९२७ला दर ठरला १ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. १ एप्रिल १९३५ला रिझर्व्ह बँक सुरू झाली ती हाच दर घेऊन, आणि रुपयांची संख्या गोठवण्याचं कलम तिच्या कायद्यात नव्हतं.