वहीत नसलेला निषाद

२१ डिसेंबर, रविवार

आज सकाळी साडेआठला टीचरांच्या स्वयंपाकघरात गेलो तो घरी परतायला दुपारचे अडीच वाजले. शेजारच्या या वयोवृद्ध बाईंना आमच्या मडगावच्या बोर्ड्यात सगळेच टीचर म्हणतात, कारण इथल्या दोन पिढ्यांनी त्यांच्याकडून व्हायोलिन नाही तरी निदान सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून म्हणणे, शिकून घेतले आहे. नाताळचा फळांचा केक त्या दरवर्षी एकट्याच करतात. यंदा मनगट दुखावल्यामुळे मिश्रण फेटायला त्यांना दुसऱ्याचा हात हवा होता, आणि गेल्या आठवड्यात कुंपणापाशी बोलता बोलता त्यांनी मला विचारले तेव्हा मी लगेच होकार दिला. त्याच बोलण्यात त्या असेही म्हणाल्या होत्या की, त्यांच्या आईच्या वहीत केकची सगळी मापे आहेत, पण केक करायचा कसा ते नाही. मी म्हणालो, "टीचर, अशीच एक वही माझ्याकडेही आहे." मग रविवारी येताना ती घेऊन यायची असे ठरले. (आमचे बोलणे कोकणीत चालते, इथे ते मराठीत उतरवून ठेवतो आहे.)

टीचरांच्या आईची वही पोर्तुगीजमध्ये आहे आणि तिची शाई आता तपकिरी पडली आहे. पानाच्या डाव्या बाजूला जिन्नस आणि उजव्या बाजूला मापे: लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी अर्धा आर्रातेल, फळे एक आर्रातेल, अंडी पाच, कानेला म्हणजे दालचिनी, आणि जायफळ. आर्रातेल हे पोर्तुगिजांचे जुने वजन, सुमारे ४५९ ग्रॅमचे. आपल्या बाजारातला जुना रत्तल आणि त्यांचा हा आर्रातेल एकाच अरबी शब्दापासून आले आहेत, हे मला ठाऊक होते आणि टीचरांना ते सांगताना मला मनापासून आनंद झाला. पानाच्या शेवटच्या ओळीत दोनच शब्द आहेत: फोर्नु ब्रांदु, मंद भट्टी. किती मंद, किती वेळ, झाले हे कशावरून ओळखायचे, यांपैकी काहीही लिहिलेले नाही.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या प्रयोगशाळेत मी आयुष्याची बावीस वर्षे घालवली, तिथे मिलिग्रॅमपर्यंत वजन होते, आणि ज्याची नोंद नाही ते काम झालेच नाही असे धरले जाते. त्यामुळे ती ओळ मला बेचैन करत होती. टीचरांनी तिचे कारण सांगितले. त्यांच्या लहानपणी घरात ओव्हन नव्हता. मिश्रण साच्यात ओतले की साचा फडक्यात बांधून पोदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे, पाठवला जाई. पाव काढून झाल्यावर लाकडांवर तापलेली ती भट्टी हळूहळू उतरतीला लागे आणि त्या उतरत्या उष्णतेत गावातल्या घराघरांचे केक एका ओळीत बसत. भट्टीच्या तोंडाशी हात धरून पोदेर ठरवी की अजून थांबायचे की साचे आत सरकवायचे. "तेवढा भाग आईच्या हातात नव्हताच, बाब," टीचर म्हणाल्या, "मग ती तो लिहिणार तरी कशी?" मला हे उत्तर पुरेसे वाटले.

फळे दिवाळी आटोपल्यावरच्या रविवारीच चिरून ठेवली होती. काळे मनुके, बेदाणे, खजूर, संत्र्याच्या सालीचे पाकवलेले तुकडे आणि टुटीफ्रुटी, जी मुळात कच्च्या पपईचीच असते, हे सारे तेव्हापासून रममध्ये भिजत आहे. माझ्या आईला रम चालत नाही म्हणून टीचरांनी काल रात्री थोडी फळे वेगळ्या वाटीत संत्र्याच्या रसात घातली होती. मद्यात फळे महिनोन्महिने टिकतात, रसात ती अशी ठेवून भागत नाही, आंबू लागतात. तेव्हा मोठा केक एक आणि आईसाठी छोटा एक, असे दोन साचे करायचे होते.

साखर जाळण्याचे काम टीचरांनी स्वतःकडे ठेवले. साखर १६० अंशांच्या पुढे गेली की वितळून रंग धरू लागते आणि तिथून पुढे प्रत्येक क्षणाला तिची चव बदलते. केकला काळपट रंग हवा तर तिला कडूपणाच्या अगदी दारापर्यंत न्यावे लागते. मी रंगाकडे पाहत होतो. टीचर मात्र पातेल्याकडे पाठ करून बेदाणे निथळत होत्या, आणि तशाच पाठमोऱ्या म्हणाल्या, "आता." मी गरम पाणी ओतले, साखर उसळली, आणि खाली बसली तेव्हा तिचा रंग जुन्या सागवानासारखा होता. त्यांनी तो क्षण नाकाने पकडला होता.

माझ्याकडून मात्र एक चूक झाली. लोणी आणि साखर फेटून फेटून पांढरी आणि हलकी झाल्यावर एकेक अंडे घालायचे असते, आणि मी ती अंडी फ्रिजमधून काढून तशीच थंडगार फोडली. तिसऱ्या अंड्याला मिश्रण फाटले, दही मोडल्यासारखे दिसू लागले. थंडीने लोणी आखडते आणि अंड्यातले पाणी धरून ठेवू शकत नाही, एवढेच त्याचे कारण आहे. टीचरांनी मैद्याचा एक चमचा त्यात टाकला, भांडे कोमट पाण्यात ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, "फेटत राहा, थांबू नकोस." पाचेक मिनिटांत ते पुन्हा एकजीव झाले. हेही वहीत नाही.

मग मैद्यात घोळवलेली फळे, जी अशी घोळवली म्हणजे तळाशी बसत नाहीत, शेवटी काजू, आणि साच्याला आतून कागदाचे दोन थर. ओव्हन १५० अंशांवर होता. साचे आत गेले आणि आम्ही दोघे पुढच्या खोलीत येऊन बसलो, जिथे एका कोपऱ्यात येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याची तयारी अर्धी झाली होती आणि पियानोवर नेवऱ्यांचा डबा ठेवला होता.

तिथे मी सोबत नेलेली आत्याची वही उघडली. आत्याचे सासर कुर्डीचे. ज्या गावात १९०४ मध्ये गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म झाला ते हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि आता दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात जुने गावकरी सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात. घर सोडताना आत्याने जे नेले त्यात तांदळाचा कणगा होता, देव होते आणि ही वही होती. तिच्या लग्नाआधी एक गवई दोन पावसाळे तिच्या माहेरच्या गावात राहिले होते; त्यांच्याकडून तिला जेवढ्या चिजा, म्हणजे बंदिशी, मिळाल्या तेवढ्या तिने हिच्यात लिहिल्या. लिहिल्या म्हणजे काय, तर वर रागाचे नाव, तालाचे नाव, आणि खाली स्थायी-अंतऱ्याचे शब्द. टीचरांसमोर जे पान उघडले त्यावर 'बिहागडा, तीनताल' एवढाच मथळा आहे आणि चार ओळी. सूर एकही नाही.

टीचर ते पान बराच वेळ पाहत राहिल्या. त्यांच्या संगीतात सारे काही कागदावर असते: किती सावकाश, किती हळू आवाजात, कुठे श्वास घ्यायचा, कुठे आवाज वाढवायचा. चर्चच्या शाळेत मुलाच्या हातात वाद्य येण्याआधी त्याला हे वाचायला शिकवत, आणि या शिक्षणाच्या बळावरच गोव्याची कितीतरी माणसे मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत वाजवू शकली. इथून जवळच्या माजोर्ड्यात जन्मलेल्या आंतोनी गोन्साल्विसांनी तर १९५८ मध्ये रागांवरच्या रचना वाद्यवृंदासाठी पाच रेषांवर लिहून त्यांचे कार्यक्रम केले होते. एवढे सांगून टीचर थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या की, त्यांच्या घरी मांडो, ही कोकणी गाणी, म्हणताना दुसरा आवाज मात्र कोणीच कधी लिहिला नाही. पहिला आवाज कागदावर असे. दुसरा, बहुतेक वेळा त्याच्या दोन स्वर खालून चालणारा, आईच्या मागे उभे राहून कानाने धरायचा. मला चवथीला घुमट या मातीच्या चर्मवाद्यावर म्हणायच्या आरत्या आठवल्या. आमच्या घरी घुमटावरचे हात मला वडिलांनी शिकवले ते मांडीवर थापटून. ते कुठे लिहून ठेवावेत असे त्यांच्या मनातही आले नसेल. (या घुमटाला २०१९ मध्ये राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान मिळाला तेव्हा त्यांना फार समाधान वाटले असते.)

"ही चीज म्हण तर," टीचर म्हणाल्या. मी गेली कित्येक वर्षे देवळातल्या भजनाला पेटी धरतो, अभंग म्हणतो, पण आत्याच्या चिजा ती गेल्यापासून मी तोंडात घेतल्या नव्हत्या. पांढरी एकमध्ये हळूच स्थायी म्हटली. टीचरांनी दुखऱ्या मनगटाने व्हायोलिन उचलले, माझा षड्ज म्हणजे त्यांचा दो हे चाचपून पाहिले, आणि दुसऱ्या आवर्तनापासून माझ्यामागून येऊ लागल्या. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे, तारेवर येते तशी माझ्या पेटीवर कधी येणार नाही. पेटीला स्वरांमधल्या वाटा नसतात. दोन-तीनदा म्हणून झाल्यावर त्यांनी विचारले, "पण बिहाग आणि तुझा हा बिहागडा, यांत फरक काय?" मी म्हणालो की बिहागड्यात कोमल निषाद, म्हणजे उतरलेला नी, लागतो, बिहागात तो नसतो. "मग तू तो घेतला कुठे?"

मी घेतलाच नव्हता. वर नाव बिहागड्याचे आणि मी म्हणत होतो तो सरळ बिहाग. तो निषाद या चिजेत कोणत्या जागी येतो हे आत्याला ठाऊक होते आणि तिने ते लिहिले नाही. तिचा आवाज कोणी मुद्रित करून ठेवलेला नाही का, असे टीचरांनी विचारले. नाही. केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरून अंतराळात गेली, साडेतीन मिनिटे का होईना ती कायमची टिकली, आणि ते यान निघाल्यानंतर महिन्याच्या आत बाई वारल्या, हे मी त्यांना सांगितले. माझ्या आत्याचा एक सूरही कोणाकडे नाही, हे बोलून दाखवताना मला फार वाईट वाटले.

तेवढ्यात ओव्हनकडून वास आला. टीचर उठल्या, मोठा साचा बाहेर काढला आणि सुई टोचून पाहतील असे मला वाटले. त्यांनी तो माझ्या कानाजवळ धरायला सांगितला. आतून बारीक चरचर येत होती, ओल्या वाळूतून पाणी उतरावे तशी. "बोलतो आहे ना? मग परत आत ठेव," त्या म्हणाल्या. वीस मिनिटांनी पुन्हा ऐकले तेव्हा तो आवाज जवळजवळ बंद झाला होता. पोदेरही असाच साचा कानाशी धरायचा, हे त्यांना आज साचा उचलतानाच आठवले. मी माझ्या कागदावर '१५० अंश, १ तास ५५ मिनिटे' असे लिहिले आणि त्याखाली 'आवाज थांबत येईपर्यंत' असे लिहून त्या ओळीला दोनदा अधोरेखित केले.

फळांचा केक त्याच दिवशी खाऊ नये, मुरू द्यावा. पण उद्या सोमवार, आईचा शिवराक, अंडे चालायचे नाही. म्हणून संध्याकाळी छोट्या केकचा एक काप तिला दिला. ती सावकाश खात होती आणि मी पेटीवर तीच स्थायी पुन्हा पुन्हा वाजवून निषादाची जागा शोधत होतो. आई कधी गायलेली मला आठवत नाही. तिने बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "वन्सं तिथे अशा सरळ उतरत नसत."

मी थांबलो. "कुठे, आई?"

"दुसऱ्या ओळीच्या शेवटी. वरून येताना जरा वाकायच्या." आणि तिने ते म्हणून दाखवले, पातळ, कापऱ्या आवाजात, शब्दही न उच्चारता, एकदाच. वरच्या षड्जावरून खाली येताना कोमल निषाद तिथे निसटता लागून गेला. आई लग्न होऊन आल्यापासून आत्याचे गाव सुटेपर्यंत, माहेरवाशीण म्हणून आत्या आमच्याकडे येई तेव्हा रात्री दिवा मालवण्यापूर्वी ही चीज म्हणे, आणि आई पलीकडच्या खोलीत अंथरुणे घालत असे. मी आईला याविषयी कधी विचारलेच नव्हते.

२२ डिसेंबर, सोमवार

कामावरून आल्यावर कपडे न बदलताच टीचरांकडे गेलो. पोदेराचा भोंगा रस्त्यावरून पुढे गेला तरी पाव घ्यायला दोघांपैकी कोणी उठले नाही. मी आईने दाखवलेली जागा म्हणून दाखवली, टीचरांनी ती व्हायोलिनवर चार-पाच वेळा वाजवून पाहिली, आणि मग रेषांचा कागद काढून स्थायी लिहू लागल्या. त्या जागेपाशी आल्यावर त्यांनी सी, म्हणजे त्यांच्या निषादापुढे, बेमोलचे, म्हणजे कोमलाचे, चिन्ह काढले, थोडा वेळ पेन्सिल वर धरली, आणि त्याच्या आधीचे ते वाकणे कसे दाखवावे याचा विचार करत बसल्या. एक बाक काढला, खोडला, दुसरा काढला.

शेवटी कागद पियानोवर ठेवत म्हणाल्या, "गुरुवारी आईला घेऊन ये. तिला ऐकवते. ती हो म्हणाली म्हणजे शाईने लिहीन."